वेकाची किल्ली

मी, नोएलीन मार्गारेट हॅलडेन, वय चौसष्ट, राहणार रिव्हर्टन, बंदर कचेरीतली निवृत्त कारकून, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझं डोकं ठिकाणावर आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे आणि तो कागद सोबत जोडला आहे. मला स्वतःला तितकी खात्री नाही. जबरदस्ती कोणी केलेली नाही. १९९८ सालचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी सगळं ज्याला दिलं होतं तो नवरा आता क्वीन्सलँडला दुसऱ्या बाईबरोबर सुखात आहे.

१. टेकडीवरचं घर आणि छोटी होडी भाची मोरॅग हिला. या कागदाची अंमलबजावणीही तिनंच करावी. होडीला डाव्या बाजूने पाणी शिरतं, हे तिला माहीत आहे.

२. बहीण एल्स्पेथ हिला आईची चहाची किटली. ती तिनं १९८९ सालीच न विचारता नेली. आता कायदेशीर झाली.

३. वडिलांची होड्या दुरुस्त करायची हत्यारं धक्क्यावरच्या शेडला. तिथं ज्याला लागतील त्यानं वापरावीत आणि पुसून ठेवावीत.

४. वेका. या कलमाशी मी तीन आठवडे झगडते आहे.

वेका ही जावास्क्रिप्टमधली एक लायब्ररी. म्हणजे पुस्तकांची खोली नव्हे. कोणीही फुकट उचलून आपल्या वेबसाइटला जोडावा असा तयार कोड. गावाचं नाव द्या, वेका भरती-ओहोटीची वेळ सांगते. २०११ साली कचेरीच्या वेबसाइटवर चुकीच्या वेळा दिसायच्या आणि शिव्या मला खाव्या लागायच्या, म्हणून मी ती लिहिली आणि सगळ्यांसाठी उघडी टाकली. वर्षभर कोणी फिरकलं नाही. मग किरिबाटीहून तेकीना नावाच्या शिक्षिकेचा निरोप आला: "तुमच्या यादीत आमचं बेट नाही. आमच्याकडे समुद्र येत नाही का?" तिनं आकडे धाडले, मी घातले. तिच्यामागून टोंगाचा एक कोळी आला, मग आणखी लोक, आणि बघता बघता चाळीस जण झाले. त्यातल्या अडतीस जणांना मी कधी पाहिलेलं नाही.

पाहिलेल्यांपैकी एक मतिउ पराता, जवळच्या ब्लफ बंदरातला. मोसमात कालवं फोडतो, उरलेलं वर्ष कोड लिहितो. त्याला वेका मुळापासून नव्याने लिहायची होती. मी म्हटलं, जुनी माणसं अडकतील. त्यावर त्यानं चाळीस जणांदेखत लिहिलं, "नोएलीन, ही धर्मशाळा आहे, आणि तू दारात खाट टाकून बसलीयस." मी त्याच दुपारी त्याचा प्रवेश बंद केला. त्यानं वेकाची नक्कल घेऊन वेगळी चूल मांडली. निम्मे लोक त्याच्याकडे गेले. चार वर्षं बोलणं नाही. इन्व्हरकार्गिलच्या दुकानात समोर आला की तो वाटाण्याच्या डब्यावरचा मजकूर वाचायला लागायचा.

गेल्या सप्टेंबरात उन्हाळी वेळेसाठी देशभर घड्याळं तासभर पुढे केली आणि वेका तासभर चुकली. स्टुअर्ट बेटाजवळ एक म्हातारा होडीसकट वाळूत रुतला. पुढची भरती येईपर्यंत एकटा थंडीत बसून होता. वाचला. चूक शोधायला मी तीन दिवस माझाच कोड वाचत होते. ओळी माझ्याच होत्या, पण असं का लिहिलं ते काही केल्या आठवेना. तेव्हा डॉक्टर, आणि मग वकीलबाई.

वकीलबाई फिलिपा डाउथ यांनी विचारलं, "ही वेका कितीची धरायची?"

"शून्याची."

"मग मृत्युपत्रात कशाला?"

"नवी आवृत्ती काढायची किल्ली एकट्या माझ्याकडे आहे. मी गेले की चुका दुरुस्त कोण करणार? बेटांवरच्या लोकांना भरती कळायची कशी?"

"तुमच्याआधी कशी कळायची?"

"समुद्राकडे बघून," मी म्हटलं, आणि नक्की काय वाचवायला धडपडते आहे तेच कळेना.

मोरॅगला विचारलं. "मावशी, गळकी होडी चालेल. ते नको." तेकीनाला विचारलं. तिनं लिहिलं, "मतिउला दे. आमच्या बेटाचे आकडे दर महिन्याला तोच तपासतो, तुझ्याकडचेही. मी नुसती पुढे पाठवते. तुला ठाऊक नव्हतं?"

नव्हतं. चार वर्षं मी त्याच्याच दुरुस्त्या शाबासकी देऊन घेत होते. राग यायला हवा होता की दुसरं काही, ते अजून ठरलेलं नाही.

मी गाडी काढून ब्लफला गेले. तो शेडमध्ये कालवं फोडत होता. सुरी थांबली नाही.

"मृत्युपत्रात वेकाची किल्ली तुझ्या नावे लिहिते आहे," मी म्हटलं.

"म्हणजे तू कधी मरतेस याची वाट बघत बसू मी? गाव काय म्हणेल?"

"मग काय करू?"

"आत्ता दे."

"आत्ता? मी अजून आहे की."

"म्हणून तर. तू असताना दिलीस तर अडलं तिथं विचारता येईल. तो म्हातारा ज्या चुकीनं रुतला ती माझ्या नकलेत दुरुस्त करताना तुझा कोड मलाही कळला नाही. शिव्या घालायला तरी समोर माणूस हवं."

मी तिथंच खोक्यावर बसून त्याच्या फोनवरून किल्ली त्याच्या नावावर केली. चार मिनिटं लागली. त्यानं मला सहा कालवं दिली, लिंबाशिवाय. परतताना हलकं वाटत होतं की लुबाडल्यासारखं, ते मला आजही सांगता येत नाही.

तेव्हा वेका आता माझी नाही आणि या कागदाने ती कोणालाही जात नाही. वकीलबाई म्हणाल्या, "मग हे कलम काढून टाकू." मी नको म्हटलं. द्यायला काही नसलं तरी झालं ते लिहिलेलं असावं.

५. सह्यांचा प्रश्न. मोरॅगची साक्ष चालत नाही, कारण कायद्याने वारसाला साक्षीदार होता येत नाही. मतिउला फोन केला. "मला काय देतेयस?" त्यानं विचारलं. काही नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग येतो." आला आहे, आणि हे सगळं होईपर्यंत माझ्या संगणकावर माझ्या चुका मोठ्याने वाचतो आहे.

वरील मजकूर मी वाचला. मला जेवढा समजला तेवढा मान्य आहे.

नोएलीन मा. हॅलडेन (सही)
रिव्हर्टन, दि. १९ मार्च २०२४

आम्हा दोघांसमोर, एकाच वेळी हजर असताना, नोएलीन यांनी सही केली:

१. फिलिपा डाउथ, वकील, इन्व्हरकार्गिल (सही)

२. मतिउ पराता, कालवं फोडणारा, ब्लफ. या मृत्युपत्राने मला काहीही मिळत नाही. (सही)