फौजदाराचा मेलेला भाऊ

कराची, शुक्रवार, दिवे लागायची वेळ.

शहापुराहून पत्र आलं. माझ्या वडलांनी, आप्पांनी सांगितलेलं, शेजारच्या तारीनं लिहिलेलं. आप्पांना वाचता येत नाही. मी इकडं गोदीत कामाला आल्यापासून 'भुतांचा फौजदार'चा दर महिन्याचा नवा भाग तीच त्यांना वाचून दाखवते. आप्पा विचारतात, "फौजदाराचा मेलेला भाऊ कुठं गेला रं? तारी म्हणती, असा कुणी पुस्तकात न्हायच. शाळंत जाती, पण तुझ्यागत वाचाय येत न्हाय तिला."

कसा असेल पुस्तकात? तो मी घातलेला.

माझी शाळा तिसरीतच सुटली. आप्पांना वाचून दाखवताना जोडाक्षर अडलं की त्यांच्या हातमागाच्या खटखटीत मी मनचंच वाचायचो. माझा थोरला भाऊ अण्णा प्लेगात गेला, त्या महिन्याच्या भागात फौजदार भुताच्या मागावर धुक्यात एकटाच निघाला होता. मला बघवेना. त्याच्या शेजारी मेलेला भाऊ चालतोय, असं वाचलं. आप्पांनी माग थांबवला. मग हळूच म्हणाले, "फुडं वाच." तेव्हापासून दर भागात त्याला आणत गेलो.

आता खरं कळवू? मग अण्णा त्यांच्या घरातून दुसऱ्यांदा जाईल.

समोर खाडीवर धुकं उतरलंय. त्यात दोघं जण चालल्यासारखे दिसतात. एकाच्या पायांचा आवाज येत नाही.

तारीला चिठ्ठी लिहिली. "तारे, हे मोठ्यानं वाचू नको. फौजदार धुक्यात शिरला की तेवढं पदरचं घाल. भाऊ बरोबर होता म्हण."