ओहोटीतला बाप्तिस्मा

टेमघर, भिवंडी
१६ मे २००६

ती. आक्कास,

धाकट्या चिंधूचा पाया पडून नमस्कार. (नव्या धर्मात बहिणीच्या पाया पडलेलं चालतं का, ते मुद्दामच विचारलेलं नाही.) दिघाशीला भाऊजींचा खोकला कसा आहे? तुझे गुडघे? इकडे तुझी भावजय रूपा बरी आहे. मी बरा आहे असं मात्र तिचं म्हणणं नाही.

पत्रास कारण, पास्टरांनी माझा बाप्तिस्मा अडवून धरलाय. येशूवर विश्वास मी तीन महिन्यांपूर्वीच ठेवला, एका बैठकीत. विश्वास ठेवणं मला कधी जड गेलं नाही. जुने लूम नवे म्हणून विकणाऱ्या दलालावरही मी असाच ठेवला होता. वाटलं, तारण झालं, आता फक्त बुडी मारायची. पण आमचे लडकू पास्टर (पूर्वी सायझिंगला होते, सुताला खळ धरली की नाही ते बोटांनी ओळखायचे) म्हणतात, नुसत्या विश्वासावर भागत नाही, पश्चात्तापही हवा आणि शेवटपर्यंत टिकायलाही हवं. टिकण्यातली माझी ख्याती तुला ठाऊक आहेच. ताडी मी आजवर चार वेळा कायमची सोडलीय.

तरी परवा रविवारी अंजूरच्या खाडीवर जायचं ठरलं. खाडीकाठचा म्हणून ऐट मारून वेळ मीच सांगितली. आता भरतीची वेळ आपण काढतो तिथीवरून, आणि पंचांग तर मी विश्वास ठेवल्या दिवशीच जोशात रद्दीवाल्याला देऊन टाकलेलं! बेधडक सकाळचे सात सांगितले. सातला खाडीत नुसता चिखल. पांढरा झगा घालून मी मांडीपर्यंत रुतलो, मला ओढायला आलेले पास्टर कमरेपर्यंत. काठावर वीसेक माणसं गाणं म्हणत होती, ती एकेक करून गप्प झाली आणि दोर शोधायला गेली.

तेवढ्यात पास्टर म्हणाले, "चिंधू, आता तू बी कुठं जात न्हायस न् मी बी. कोनाची माफी मागाची रायलीय का?"

मी म्हटलं, "हाय एक."

"मंग त्या मानसाला सांग. तवर पानी आलं तरी तुला बुडवनार न्हाय."

तेव्हा येत्या रविवारच्या आत ते सांगायचं आहे. सांगेनच. बाकी सर्व क्षेम.

तुझा,
चिंधू

ता. क. ते माणूस तूच आहेस. आई गेली तेव्हा केसरीनाथदादा सुरतेहून आला नाही, म्हणून तू आठ वर्षं त्याच्याशी बोललेली नाहीस. आक्का, त्याला कळवलंच नव्हतं. निरोप द्यायचं काम माझं, त्याच्या कारखान्याचा नंबर माझ्या खिशात. आदल्या महिन्यात त्याने मला चारचौघांत आळशी म्हटलं होतं, तो राग धरून मी फोन केला नाही. नंतर तो म्हणाला निरोप मिळाला नाही, आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, मी दिला होता. फार लाज वाटते.

ता. ता. क. आठ वर्षं तुझी राखी मी एकटाच बांधून घेतोय. यंदा ती त्याला पाठव. माझी राहिली तरी चालेल. (चालणार नाही, पण ते तू मनावर घेऊ नकोस.)