माझे शनिवार आणि एक बिंदली

१० जानेवारी, शनिवार

सकाळी डोरोथीबाईंच्या शेतावर. आता शेत कसलं, आमच्या चँडलर गावाच्या टोकाला उरलेला एक मोकळा तुकडा. पूर्वी कापूस व्हायचा, पुढेमागे घरं होतील. तोपर्यंत म्हातारीने मला हिंडायची परवानगी दिली आहे. छान गार हवा. जमिनीतला धातू शोधायचं माझं मशीन हातात, त्याचे हेडफोन कानाला, मनसोक्त फिरले. दोन बोल्ट, घोड्याच्या नालेचा एक तुकडा, आणि पट्ट्याचं एक बक्कल. बक्कलवर घोडा कोरलाय, मागचे पाय गंजून गेलेले. मी जाम खूश.

घरी आले तर सुधीरचं ठरलेलं: "काय मिळालं?" बक्कल दाखवलं. म्हणाला, डोंगर पोखरून उंदीर. जन्मभर कॉम्प्युटरच्या चिप्सच्या कंपनीत किती माल चांगला निघाला ते मोजलं, आता रिटायर होऊन बायकोचा माल मोजतो. स्वतः दर शनिवारी गोल्फला जातो, चेंडू भोकात घालतो आणि परत बाहेर काढतो. त्याला कोणी विचारत नाही काय मिळालं.

दुपारी लेकीचा, मनूचा फोन. फेब्रुवारीपासून तिला फार्मसीत शनिवारची शिफ्ट. जावई तुषारची फॅबमधली, म्हणजे चिप्सच्या कारखान्यातली, शिफ्ट पण शनिवारीच. मग नीलला कोण बघणार? "आई, सॅटर्डेला तू तशी फ्रीच असतेस ना?"

सोम ते शुक्र नातू माझ्याकडेच असतो. जीव आहे माझा त्याच्यावर. रविवारी घर, पाहुणे, मंडळ. उरला एक शनिवार. म्हटलं, बाबांना विचार. तर म्हणे बाबांचं गोल्फ असतं.

बघू म्हणाले. नाही म्हणायला हवं होतं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तुषारची आई, म्हणजे माझ्या विहीणबाई, नागपूरहून आल्यात (पुढे वि.बा. लिहीन, बोटं दुखतात). नीलसाठी सोन्याच्या बिंदल्या आणल्या, मनगटात घालायच्या, बारीक तारेत काळे मणी ओवलेले. तुषारच्याच लहानपणच्या. नीलने लगेच एक तोंडात घातली.

गॅरेजमधलं माझं फडताळ वि.बां.नी नीट न्याहाळलं. बोल्ट, खिळे, बक्कल, ट्रॅक्टरची साखळी. "हे काय करून राहिल्या तुम्ही? भंगाराचं दुकान टाकता काय?" सुधीर मोठ्याने हसला. मी तिळगूळ तोंडात टाकला आणि गोड बोलले.

रविवारी बोरन्हाण. मनूचं घर लहान, माणसं फार, म्हणून पार्कमध्ये करायचं ठरवलं. कल्पना माझीच.

१८ जानेवारी, रविवार

हरवली. एक बिंदली हरवली.

सगळं छान चाललं होतं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, नील पाटावर बसून टाळ्या वाजवतोय. बोरं कुठून आणायची, म्हणून मी होलसेल दुकानातून चांदीच्या कागदातल्या चॉकलेटांची भली मोठी पिशवी आणली होती. ती, चुरमुरे आणि सुट्टी नाणी. डोक्यावरून ओतल्याबरोबर पोरांची झुंबड. नीलला पण ओढलं, तो रांगत गर्दीत शिरला. उचलून घेतला तर एका हातात बिंदली आहे, दुसऱ्यात नाही.

तासभर सगळे वाकून गवत चाळत होते. वि.बा. पाटावर बसून राहिल्या. मग कुणीतरी म्हणालं, काकू, तुमचं मशीन! आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

इतकी वर्षं कुणाला त्या मशीनचं नाव माहीत नव्हतं. मला चढलं. म्हटलं, आणते मशीन, संध्याकाळच्या आत काढून देते. मनू सगळ्यांसमोर म्हणाली, "आई, तू हे शोधलंस ना, तर आय विल नेव्हर आस्क फॉर युवर सॅटर्डेज."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. संध्याकाळ झाली. पेनी, डाइम, क्वार्टर, सगळी आमचीच. बिंदली नाही.

१९ जानेवारी, सोमवार

नीलला स्ट्रोलरमध्ये घालून पार्कात. पार्कात मशीन चालवायच्या परमिटचं कार्ड गळ्यात. पुन्हा नाणी. आपणच टाकायची, आपणच शोधायची! ओवाळून टाकलेली नाणी अशी गोळा करायची नसतात, आई असती तर ओरडली असती.

नील स्ट्रोलरमध्ये कंटाळून रडला. आले परत. सुधीर दारातच: "काय मि..." मी बघितलं त्याच्याकडे. आत गेला.

२१ जानेवारी, बुधवार

रात्री डोक्यात आलं की मशीनला आधी सोनं दाखवायला पाहिजे. त्या बिंदलीची जोडीदार गवतावर ठेवायची, मशीन कसं बोलतं ते ऐकायचं, मग तोच आवाज शोधायचा. सोपं आहे. पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

वि.बां.ना फोन केला. साफ नाही म्हणाल्या. "एक तर गेली. दुसरी तुमच्या हातात देऊ, मातीत घालायला?"

बरोबरच आहे त्यांचं. पण इतकं सरळ बोलायचं? मनूला सांगितलं तर म्हणते, आई, लेट इट गो, तुम्ही दोघी मिळून मला वेडं कराल. वर लगेच, मग सात तारखेपासून शनिवार धरू ना?

२२ जानेवारी, गुरुवार

वि.बा. सकाळी स्वतःच आल्या, तुषारने ऑफिसला जाता जाता सोडलं. पर्समध्ये डबी, डबीत बिंदली. शिवाय काळा दोरा. दोऱ्याचं एक टोक बिंदलीला, दुसरं स्वतःच्या बोटाला, तीन गाठी. मग म्हणाल्या, "आता ठेवते."

नीलला घेऊन तिघं पार्कात. त्यांनी गवतावर बिंदली ठेवली. मी मशीन वरून फिरवलं.

काही नाही. एकदम चूप.

पुन्हा फिरवलं. चूप. वि.बा. म्हणाल्या, बंद पडलं काय? शेजारी क्वार्टर टाकलं तर कोकलून उठलं. बिंदलीवर परत चूप.

तेव्हा कपाळाला हात लावला. मशीन घेतल्यावर पहिल्या महिन्यातच चांदीचे कागद आणि कॅन उघडायच्या टिकल्या खणून इतकी वैतागले होते, की हलक्या धातूचे आवाज बंदच करून टाकले होते. कचऱ्यासाठी भुंकू नकोस, असं मीच त्याला सांगून ठेवलेलं. विसरूनही गेले. बारीक सोनं त्याच कचऱ्यात मोडतं हे मला माहीतच नव्हतं.

आवाज सुरू केला. बिंदली बोलली. मशीनच्या पडद्यावर आकडा चाळिशीतला. मग खिशातलं चॉकलेट काढून खाल्लं आणि त्याचा चांदीचा कागद गवतावर ठेवला. आकडा तोच.

वि.बा. आकड्याकडे बघत राहिल्या. मग पार्कभर नजर फिरवली. "म्हणजे आता सगळे चॉकलेटचे कागद खणायचे?"

हो. मी आणलेली ती भली मोठी पिशवी.

आणि रात्रभर दुसरंच डोक्यात. डोरोथीबाईंच्या शेतात इतके शनिवार हे बहिरं मशीन घेऊन फिरले. तिथे एखादी अंगठी असेल तर मी तिच्यावरून चालत गेलेय. छंद छंद म्हणून मिरवायचं आणि मशीनही धड वापरता येत नाही. बोल्टच का मिळतात ते कळलं. सुधीरला सांगणार नाही.

२४ जानेवारी, शनिवार

नील आज मनूकडे. सकाळपासून पार्कात. वि.बा. घडीची खुर्ची घेऊन आल्या, थर्मास आणि मेथीचे पराठे पण. मी बीप ऐकायचा, गुडघ्यावर बसायचं, गवताचा चौकोन कापून उचलायचा, कागद काढायचा, चौकोन परत दाबायचा. उठायचं. दोन पावलांवर पुढचा बीप.

थोड्या वेळाने वि.बा. खुर्चीतून उठल्या, पदर खोचला आणि शेजारी बसल्या. कागद सापडला की त्या पिशवीत टाकतात आणि म्हणतात, "हा एक." मोजत मात्र नाहीत, प्रत्येकच एक. मला आधी चीड आली, मग हसू.

मग बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेलं. घरात आल्या आल्या काय मिळालं विचारतात ना, तेव्हा डोक्यात तिडीक जाते. काही मिळवायला नाहीच जात मी. कुणी आई म्हणत नाही, काकू म्हणत नाही, कानात तो बारीक आवाज असतो, बास. बोल्ट सापडला तरी चालतो.

वि.बा. माती झटकत म्हणाल्या, "तुम्हाला परत आल्यावर विचारतात. मला निघतानाच विचारतात, कशाला चाललीस? मग मी जातच नाही कुठे."

मी डबा दोघींच्या मध्ये ठेवला. पराठा खाल्ला.

२७ जानेवारी, मंगळवार

गुडघे गेले. कागद, कागद, कागद. मध्ये एक खेळण्यातली गाडी, एक किल्ली. बिंदली नाही. कुणा पोराच्या खिशातून गेली असेल, किंवा गवत कापणाऱ्या गाडीने उडवली असेल. देव जाणे.

सुधीर म्हणाला, तासाचे पैसे धर, त्यात नवी बिंदली आली असती. म्हटलं, गोल्फच्या फीमध्ये अख्खा कंबरपट्टा आला असता. 

मनूचा मेसेज, सात तारीख फायनल का. उत्तर दिलं नाही.

३१ जानेवारी, शनिवार

उद्या वि.बा. निघणार. म्हणून आज शेवटचा दिवस दोघींनी पार्कात काढला. पाट होता तिथपासून झाडापर्यंत, झाडापासून बाकापर्यंत. एकदा असा स्वच्छ बीप आला की दोघींनी एकमेकींचा हात धरला. कागदच निघाला, पण सोनेरी. कुणाचं चॉकलेट कोण जाणे, मी असली आणलीच नव्हती.

नाही मिळाली. अंधार पडेपर्यंत बघितलं. परत येताना गाडीत मला रडू आलं. त्यांची वस्तू गेली त्याचं आलं की माझा शनिवार गेला त्याचं, खरंच कळत नाही. त्या म्हणाल्या, सुनंदाताई, समोर बघून चालवा.

१ फेब्रुवारी, रविवार

विमानतळ. मनू, तुषार, नील, सुधीर, मी. वि.बां.नी नीलचे मुके घेतले आणि पर्समधून डबी काढून माझ्या हातावर ठेवली. उरलेली बिंदली, दोऱ्यासकट. मी म्हटलं, अहो, ही नीलची. तर म्हणाल्या, एकाच हातात घालतात काय कोणी? मशीनला दाखवायला लागेल तुम्हाला.

मग मनूकडे वळल्या. "शनिवारी आईंना बोलवायचं नाही. त्या माझी बिंदली शोधून राहिल्या."

मनू म्हणाली, "ओके, आई."

ओके! एका वाक्यात! मी तीन आठवडे अडखळतेय, सख्खी आई, आणि सासूला लगेच ओके. तिथल्या तिथे ठरलं की एका शनिवारी सुधीर नीलला बघेल, एका शनिवारी मनू शिफ्ट बदलून घेईल. सुधीर लगेच फोनमध्ये गोल्फच्या तारखा बघायला लागला.

वि.बा. आत जाताना मागे वळून हसल्या. समजून उमजून केलं त्यांनी. माझ्यासाठीच केलं. रांगेत त्या दिसेनाशा होईपर्यंत मी तिथेच उभी होते.

२ फेब्रुवारी, सोमवार

काल इतका आनंद झाला आणि आज सकाळपासून चिडचिड. शनिवार मिळाला, पण कसा? आता तो बिंदलीचा शनिवार. मनू म्हणते, आई, मग या वेळी कुठून सुरू करणार, बाकाच्या मागून का? सुधीरने पार्कचा नकाशा छापून चौकोन आखून दिलेत. म्हणे पद्धतशीर कर. बोल्ट सापडायचे तेव्हा भंगार होतं, आता प्रोजेक्ट झालं. बिनकामाचं म्हणून तर आवडत होतं मला ते. आता कामाला लागले.

आणि वि.बां.ना खरंच ती हवी आहे. हेही आहेच. तुषारच्या लहानपणची वस्तू. नुसतं निमित्त म्हणून विसरून जाता येत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

गाडीत बसून लिहितेय. पेट्रोल पंपाशेजारी थांबलेय. डावीकडे वळलं की पार्क, सरळ गेलं की डोरोथीबाईंचं शेत. त्यांचा काल फोन होता, जमिनीचा सौदा झाला, उन्हाळ्यात बुलडोझर येणार. यायचं तेवढं येऊन घे म्हणाल्या. आवाज सुरू केलेलं मशीन तिथे अजून एकदाही फिरवलेलं नाही. काय काय बोलेल कोण जाणे.

शेजारच्या सीटवर सुधीरचा नकाशा. त्यावर डबी, उडू नये म्हणून.

आत्ता नागपूरहून मेसेज आला. मला वाटलं, मिळाली का, असं असेल.  उघडला. त्यांनी लिहिलंय, मी पण आज बाहेर पडले, तलावापर्यंत गेले. कशाला चालल्या विचारलं इथल्या सुनेने. म्हटलं, चालले.

 मागच्या गाडीने हॉर्न दिला, म्हणून पुढे घेऊन बाजूला लावली. थर्मासमधला चहा संपेपर्यंत कुठे वळायचं ते ठरवायचं. थर्मास मोठा आणलाय.