स्लॅबचा रविवार

ता. ४ जानेवारी

चि. सौ. भावजयबाईंस,
थोरल्या नणंदेचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुमच्या घराच्या भिंती वरपर्यंत आल्या. अठरा तारखेला, रविवारी, स्लॅब टाकायचा ठरलाय. मी मात्र नाही. लेकीचे दिवस भरत आलेत, उद्याच तिच्याकडे निघते. माझा भाऊ, म्हणजे तुझा ट्रकवाला, नेमका लांबच्या फेरीवर. तेव्हा मुकादमावर लक्ष ठेवायला तूच ये. स्लॅबच्या दिवशी आमच्या गल्लीत काय असतं ते त्याने तुला सांगितलं असेलच.

आम्ही इथे आलो तेव्हा बस वीटभट्टीपाशीच माघारी फिरायची, पुढे नुसता चिखल. आम्ही ना नकाशात होतो, ना पोस्टमनच्या डोक्यात. शिंपीणकाकूंनी डब्याच्या पत्र्यावर गल्लीचं नाव रंगवून खांबाला ठोकलं, तेव्हा कुठे पत्रं यायला लागली. शाळेची पहिली खोली, दिवे, बाग, सगळं भांडून मिळवलं, नाहीतर हाताने उभं केलं. अशी माणसं दिवा घेऊन शोधलीस तरी मिळायची नाहीत. आता त्या भाड्याच्या खोलीतून सुटा आणि या.

छोकरीला पापा. लोभ आहेच, तो कागदावरही दिसू दे.
तुझी ताई

ता. ९ जानेवारी

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

रागावणार असाल तर आधी घोटभर पाणी प्या. ताई, मला तिथे राहायची भीती वाटते. आमचे हे आठवड्यातले चार दिवस रस्त्यावर. घरात मी आणि लेक. मागे तापात तिला झटके आले, तेव्हा मी भिंतीवर नुसती थाप मारली, तर पलीकडची मावशी अनवाणी धावत आली. तुमच्याकडे दोन घरांच्या मध्ये अंगण, कुंपण, झाडं. मी थाप मारू कुठे? आणि तुम्ही तरी किती पुरणार, निम्म्या वेळा लेकीकडे!

यांना वाटतं मी उगाच खोडा घालते. स्लॅबचं मी बघेन, मागवलेला माल वाया घालवायचा नाही. पण तिथे राहायचं की घर भाड्याने द्यायचं, हे मी त्या दिवशी तिथे उभी राहून ठरवणार. नाही म्हटलं तर गळ घालू नका, एवढं वचन द्या.

माया पातळ होऊ देऊ नका.
आपली भावजय

ता. १३ जानेवारी

चि. सौ. भावजयबाईंस, अ. उ. आ.

मला नात झाली! दोघी सुखरूप. आता मी आजी, तेव्हा नमस्कार जरा वाकून करत जा.

स्पष्ट बोललीस, बरं केलंस. दिलं वचन. रडेन थोडी, ते माझं मी बघेन. पहिल्या वर्षी मीही रोज सामान बांधायचे आणि रोज सोडायचे. मग आमचे हे शिडीवरून पडले. गल्लीतल्या नर्सबाईंनी त्यांना हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं, वाटभर स्वतः गाडी ओढत. तेव्हापासून सामान बांधलं नाही. पण हे माझं झालं. तुझं तू ठरव.

तुझ्यावरचा जीव आहे तिथेच आहे.
ताई

ता. १९ जानेवारी

ती. आजीबाईंस,
जमिनीला टेकून सा. न. वि. वि.

ताई, सांगितलं असेलच म्हणे! तुमच्या भावाने मला अक्षरही सांगितलं नव्हतं. आता ऐका माझी फजिती.

स्लॅब निम्मा झाला आणि मिक्सर बंद पडला. मजूर मोजकेच. निम्म्यात थांबलं तर तिथे जोड राहतो आणि छत जन्मभर गळतं, असं म्हणून मुकादम डोक्याला हात लावून बसला. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी ही गर्दी! कुणाच्या हातात घमेलं, कुणाच्या हातात फावडं. आमच्या चाळीत इतकी माणसं एकदम येतात ती भांडायलाच. आणि आपल्या वाळूने अर्धा रस्ता अडलेला. मी म्हटलं, आले! कंबर कसून मीच आधी तोंड सोडलं. वाळू उचलते, मी म्हणाले, एकटी बाई बघून चालून आलात का म्हणाले, काय काय म्हणाले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. नर्सबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, की भांडण झकास आहे पण ते चहाबरोबर करू, आधी माल घट्ट होतोय. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

मग काय सांगू! माल हातानेच कालवला. हेडमास्तर फावड्यावर, शिंपीणकाकू पाण्यावर, आणि रिटायर झालेले कंडक्टरकाका शिडीपाशी पुढे सरका, पुढे सरका करत. घमेली हातोहात वर गेली. मीही रांगेत होते. तळहातांना फोड आलेत, म्हणून अक्षर असं. लेक कुणाच्या घरी जेवली तेही मला कळलं नाही. उजेड होता तोवर स्लॅब पुरा झाला. ताई, मी तिथेच सगळ्यांसमोर रडले.

नंतर नर्सबाईंना विचारलं, तुम्हाला निरोप कुणी दिला? त्या म्हणाल्या, की स्लॅबला दुपारनंतर सगळे येतातच. आज मिक्सरचा आवाज थांबलेला ऐकू आला, म्हणून हातातला चहा टाकून निघालो. मी तर हाकही मारली नव्हती हो.

आज सकाळीच घरमालकाला खोली सोडतोय म्हणून सांगून आले. तुमच्या भावाला अजून माहीत नाही, फेरीवरून आला की कळेल.

येत्या रविवारी शिंपीणकाकूंच्या माडीचा स्लॅब आहे. मला कुणी बोलावलेलं नाही. मी जाणार आहे.

नातीवरून जीव उरला तर थोडा इकडेही असू द्या.
आपली भावजय