पिंप मी रिकामं केलं

फाटकाची कडी वाजली की आम्ही भावंडं श्वास रोखायचो. एकदाच वाजली तर बाप शुद्धीवर. दोन-तीनदा खडखडली तर आम्ही पलंगाखाली. सत्तर वर्षं झाली, तो आवाज अजून कानात आहे. पुढे तीच कडी मी खडखडवली आणि पलंगाखाली माझी लेक होती.

मी, वुकाशिन, वय एक्क्याऐंशी, राहणार गोर्न्या लिपा, हे कोणाच्याही दबावाविना, पूर्ण शुद्धीवर लिहितो. शुद्धीचं म्हणाल तर ती फक्त गेली अकरा वर्षं आहे.

एक. घर, अंगण आणि ओढ्याकाठची आलुबुखाराची बाग माझी एकुलती मुलगी ल्यूबिंका हिला. अट नाही. माझ्या अंत्यविधीला ती आली नाही तर कोणी तिला बोल लावू नये.

दोन. दारू गाळायची तांब्याची भट्टी विकू नये, उसनीही देऊ नये. तांबटाकडून ठोकून तिचा कंदील करून घ्यावा, माझी बायको स्टाना हिच्या थडग्यासाठी.

तीन. शाळेत पाठ केलेल्या कवितांची वही गावच्या शाळेला. ल्यूबिंकाला ती नको असणार. झिंगलो की मी तिला खुर्चीवर उभी करून पाहुण्यांपुढे त्या म्हणायला लावी. चुकली की पुन्हा पहिल्यापासून. ती आता बेचाळीसची आहे. शेवटच्या पत्रात तिनं लिहिलं, "बाबा, ऑफिसात कोणाचा ग्लास पडला तरी मी आधी दार शोधते. कोणी गोड बोललं की भीती वाटते." उत्तरात मी फक्त पावसापाण्याचं लिहिलं. कविता मात्र शंभर पाठ आहेत.

चार. हे कलम माझ्या मरणानंतर चाळिसाव्या दिवशी गावाला घालायच्या जेवणात मोठ्यानं वाचावं. ल्यूबिंका जन्मली तेव्हा रिवाजाप्रमाणे मी दारूचं पिंप अंगणात पुरलं, तिच्या लग्नात उघडायला. पुढे वर्षानुवर्षं नळी घालून ते मीच प्यायलो आणि जळक्या साखरेचं पाणी भरत गेलो. लग्नात पहिला घोट व्याह्यांनी घेतला.

"काय हो, नवरीसाठी सरबत पुरलं होतंत?"

मांडव हसला. मी बायकोकडे बोट दाखवलं. "हिला विचारा. चोरून पिते ही."

स्टानानं जन्मात थेंब चाखला नव्हता. तिनं मान खाली घातली. मरेपर्यंत गाव तिला 'पिंपवाली' म्हणत राहिलं, मी ऐकत राहिलो. लेक त्या दिवशी गेली ती गेलीच.

पिंप मी रिकामं केलं.

पाच. त्या जेवणात दारू वाढू नये. शेजारी ओब्राद आत्ताच कुरकुरला, "अरे, लोक तुझ्या थडग्यावर थुंकतील!" थुंकू देत.

साक्षीदार: ओब्राद, शेजारी (सही). मिलुंका, टपालवाली (सही).
गोर्न्या लिपा, ९ नोव्हेंबर २०१४.

माझी सही राहिली आहे. कडी वाजली. एकदाच. ओब्राद म्हणतोय, "अगं बाई, ल्यूबिंका!" मिलुंका टपालाची पिशवी आवरतेय, कच्चा मसुदा तिनंच लेकीला पाठवला असणार. मान वर करायचं धाडस नाही, म्हणून लिहितोय. लेकीचा हात आधी माझ्या पेल्याकडे गेला. तिनं तो उचलला, हुंगला.

पुदिन्याचा चहा आहे. हुंगू दे.