शेजाऱ्याची वीज, शेजारणीची वाटी

२ जुलै

श्रेयाला काठमांडूत नोकरी लागली! पाठवायचं का नाय, कुणी ठरवंना. रामकिसन, माझा लेक, तिचा बाप, म्हणाला, "आई म्हणंल तसं." नाय म्हणायची त्याची छाती नाय, म्हणून मला पुढं केलं. मी तरी कुठं कमी? सांगते उद्या म्हणाले आन् आडवी झाले.

३ जुलै

काम काय, ते पोरीनं समजावलं. नेपाळात नदीवर वीज तयार होते. ती आपल्या तारांवरून पार बांगलादेशात जाते. एकाकडं पाणी, एकाकडं तारा, एकाकडं कारखाने. अशी कामं जुळवायला शेजारच्या देशांना एका टेबलाशी बसवायचं, ही हिची नोकरी.

मी म्हणाले, मग आपल्या बजाजनगरातच कर की! नळाची लाईन एक, घरं दोन. शेजारची लक्ष्मीबाई मोटर लावते, आमचा नळ कोरडा. त्या भांडणापासून तिची वाटी आमच्या मांडणीत पडून आहे. शेजारची वाटी रिकामी परत देत नसतात. आन् भरून द्यायची तर आधी मी वाकायचं!

"आजी, देशांचंबी इथंच अडतं," म्हणाली. "आधी कोण?"

सांगणारी मी, पण लिहिणारी तीच, म्हणून स्वतःचं बोलणं कसं ठळक काढलंय बघा.

५ जुलै

दुपारी डोळा लागला. स्वप्नात एक तार निघाली. बर्फावरून, भातावरून, आमच्या गावच्या, देवगाव रंगारीच्या कपाशीवरून. तार गुणगुणत होती. वर ओळीनं पाखरं. तार कुणाची, एकही विचारीना. पार शेवटी एक बाई दिव्याखाली शिवत बसलेली. उजेड कुठल्या नदीचा, तिला ठाव नाय. मला ठाव होतं. लई गोड वाटलं.

जाग आली तर मनात दुसरंच. ही गेल्यावर माझं कोण लिहिणार? मला तर अक्षर येत नाय.

पोरीचा पेन थांबला. लिही गं, हेबी लिही.

६ जुलै

रामकिसनला सांगितलं — जाऊ दे तिला.

१९ जुलै

अक्षर वेगळं दिसंल. पोरगी परवा गेली. काल वाटीत शेंगदाण्याची चटणी भरून मीच शेजारी गेले. आता लक्ष्मीबाई लिहिते. सातवी शिकलेली, पण ऐट मास्तरणीची. तिला म्हणाले, लिही, ही बाई मोटर लावून सगळं पाणी ओढते.

— ओढत होते. उद्यापासून आधी तुम्ही भरा, मनकर्णाबाई.