सातव्या खाटेची भूक

मंगळवार, ४ मार्च

पोचलो. अक्का गाडीतळावर उभीच होती. मी नीट उतरायच्या आधी तिने माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. पन्नाशीला टेकलो तरी तिच्या लेखी मी अजून दप्तर विसरून येणारा पोरगाच आहे. घर दोन खोल्यांचं, पण लख्ख. मागच्या खिडकीतून रुग्णालयाची पांढरी भिंत दिसते. भावोजी लांब कुठेतरी बांधकामावर गेले आहेत, चार-सहा महिने यायचे नाहीत. चष्मा मात्र खिडकीतच विसरून गेलेत.

बायको गेल्यापासून दोन वर्षं भिंतीकडे बघून जेवलो. आज समोर वाढणारं माणूस होतं. चार वेळा भात घेतला. अक्का म्हणाली, तुझ्या पोटात विहीर होती ती अजून आहेच, आई उगाच नाही तुझ्यापासून पातेलं लपवायची. खूप दिवसांनी हसलो.

एक गोष्ट कुणाला ठाऊक नाही, ती या वहीला सांगतो. पहिला घास तोंडात घेतला की मी डोळे मिटून तीन मोजतो. हे आईने लावलेलं, अन्न देणाऱ्याची आठवण म्हणून. त्यापुढचं माझं. बायको अंथरुणाला खिळली तेव्हा मी आधी एक घास खाऊन दाखवायचो आणि तिला म्हणायचो, आता तू. अजूनही मनातल्या मनात ते दोन शब्द म्हणतो आणि मगच गिळतो.

गुरुवार, ६ मार्च

कामावर रुजू झालो. भाजलेल्या रुग्णांच्या विभागातली आहारखोली. अक्का इथेच कपडेखोलीत आहे, तिनेच शब्द टाकला होता. पाच-सहा कागदांवर सह्या केल्या. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, वाचून तरी घ्या हो काका. अक्का म्हणाली, आमच्याकडे वाचायचं काम माझं, खायचं त्याचं. सगळे हसले. तिने बोट ठेवलं तिथे मी सही केली.

काम मला आवडलं. दूध पावडर, अंड्याचा पांढरा भाग, तेल, साखर मोजून घोटायचं आणि पातळ फडक्यातून गाळायचं. सिस्टर ते नाकातल्या नळीने रुग्णांच्या पोटात सोडतात. त्याआधी सिरिंजने ओढून बघतात, मागचं किती उरलंय ते. तो आकडा मी कागदावर लिहितो. भुकेल्याला घास द्यायचं काम, तेही या वयात मिळालं, यात मला देवाचा हात दिसतो.

कर्मचाऱ्यांची तपासणी म्हणून दंडातून रक्त काढलं. नव्या माणसाचं महिनाभर रोज सकाळी काढतात म्हणे.

सोमवार, १० मार्च

सातव्या खाटेवरचा माणूस फार वाईट भाजलाय. कारखान्यात तेल पेटलं. चेहरा, छाती, हात सगळं पट्ट्यांत. उघडे फक्त डोळे आणि ओठ. सगळे त्याला ‘सातवा’च म्हणतात. दोनशे मिली द्यावं तर चार तासांनी एकशे नव्वद तसंच परत येतं.

मी विचारलं, आग पोटापर्यंत गेली का? सिस्टर हसल्या, पण डॉक्टरांनी मला बसवून समजावलं. पोटाला आच लागलेली नसते. एरवी भूक लागली की जठर रक्तातून मेंदूला निरोप धाडतं. इतकं भाजलं की तो निरोपच आटतो. जठर सुस्तावतं, आलेलं पुढे ढकलत नाही. आतड्याचं अस्तर विरविरीत होतं, त्यातून जंतू रक्तात झिरपतात. आणि नेमकं याच वेळी जखमा भरायला शरीराला दुप्पट अन्न हवं असतं. मिळालं नाही की ते स्वतःचंच मांस खायला लागतं.

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. कातडी जळली ती जळली. साथ सोडली ती पोटाने, ज्याला झळही लागली नव्हती. आतल्यानेच दगा दिला. माझं पोट देवाने धड ठेवलंय, म्हणून संध्याकाळी जरा जास्त वेळ हात जोडून बसलो.

शुक्रवार, १४ मार्च

आज सातव्याच्या पोटातून फक्त साठ मिली परत आलं. डॉक्टरांनी त्याला नवं औषध सुरू केलंय, पिवळसर, रोज दहा वाजता बाटली टांगतात. सिस्टरांनी मला त्याच्या पोटावर डॉक्टरांची कानात घालायची नळी लावून ऐकवलं. दूर कुठेतरी पाणी वळतंय असा आवाज. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मी मात्र आज एकदाच भात घेतला. तोही उरला. आग्रह करकरून जीव नकोसा करणाऱ्या अक्काने ताटाकडे एकदा बघितलं आणि ते उचलून नेलं.

सोमवार, १७ मार्च

अन्न कडू लागत नाही, गोड लागत नाही. कागद चावल्यासारखं. पट्ट्याला एक भोक आत घ्यावं लागलं. वय झालं असेल.

सातव्याला आज पहिल्यांदा चमच्याने तोंडातून दिलं. त्याने डोळे मिटले. घास तसाच धरून ठेवला. माझ्याही नकळत मी मोजलं. एक, दोन, तीन. मग तो गिळला.

आईने शिकवलेलं आणखीही घरांत शिकवत असतील. असतीलच.

गुरुवार, २० मार्च

लिहायला हात वळत नाही, पण लिहितो.

सकाळी पिवळ्या बाटलीवरची चिठ्ठी वाचली. खाली सात लिहिलेलं, वर एक्केचाळीस. एक्केचाळीस माझा हजेरीचा आकडा. माझ्या दंडातून काढतात ते गाळून त्याच्या अंगात सोडतात.

तेवढ्यात चादर सरकली. त्याचे पाय भाजलेले नाहीत. डाव्या पायाची दोन बोटं जुळलेली आहेत. अक्काच्या लग्नात या बोटांवरून मी नवरदेवाला ‘बदक’ म्हणालो होतो, आणि ते माझा कान पिरगाळून हसले होते. चष्मा खिडकीतच का राहिला, ते आत्ता कळलं.

अक्काला विचारलं. ती टॉवेलांच्या घड्या घालत होती, थांबली नाही. म्हणाली, रक्त तुमचं दोघांचं जुळतं, आणि तुझ्यासारखी भूक मी दुसऱ्या कुणात बघितली नाही. तू नाही म्हणाला असतास तर मी कुठे गेले असते? मी म्हटलं, विचारून तर बघायचंस. ती पुढची घडी घालायला लागली.

मागितलं असतं तर दिलं असतं. हात पुढे केला असता. हेच तिला कळलं नाही, आणि तिने मला अंगाखांद्यावर वाढवलंय.

शुक्रवार, २१ मार्च

डॉक्टर म्हणाले, तुमची संमती आहे. सही दाखवली. माझीच. म्हणाले, बहीण तर म्हणाल्या की तुम्हाला सगळं माहीत आहे. मग म्हणाले की तुमची भूक अशी जायला नको होती, हे कुठल्या पुस्तकात नाही.

सुई आजपासून बंद. बाटलीही.

रविवार, २३ मार्च

बाटली बंद, तरी तो खातोय. दोनदा मागून घेतलं. माझ्या पोटावर मीच नळी लावून ऐकलं. बराच वेळ. काही नाही.

दुपारी अक्का त्याला भरवत होती. मी दारात. पहिला घास. डोळे मिटले. तीन झाले. आणि पट्ट्यांतून ओठ हलले, घोगरा आवाज, पण स्वच्छ ऐकला —

आता तू.

अक्का हसली. तिला वाटलं, तो तिलाच म्हणतोय. तिने एक घास खाल्ला.

ते मी कुणाला सांगितलेलं नाही. फक्त या वहीला. आणि वही माझ्या खिशात असते.

मंगळवार, २५ मार्च

पिशवी भरून सकाळीच निघालो. गाडीतळापर्यंत तीनदा बसलो. खाणावळीत पाव मागवला, तोंडातून परत आला. छातीवर, हातांवर आग होते. कातडी धड आहे. सदरा वर करकरून बघितलं — धड आहे.

एक वाजला. एकाएकी पोटात गार पडलं. जेवल्यासारखं. एकला त्याला भरवतात.

म्हणजे तो खातो तेव्हा मी —

अक्का शोधत आली. हातातली पिशवी काढून घेतली. पहिल्या दिवशी घेतली तशीच. मी दिली.

गुरुवार, २७ मार्च

ओकारी. पाणीही राहत नाही. देवाला काय मागावं कळत नाही. त्याने खाऊ नये असं मागू? तो उपाशी तर मी —

अक्का रोज येते. आधी त्याच्याकडे. मग माझ्याकडे.

शनिवार, २९ मार्च

आठवी खाट. मधे पडदा. नाकात नळी. माझ्या जागी नवी बाई आहे, मागचं ओढते, आकडा मोठ्याने वाचते. एकशे नव्वद.

अक्का दोन वाट्या घेऊन आली. एक त्याची, त्याला देऊन आली. एक माझी. म्हणाली, लहानपणी खायचास तसा माझ्या हातून खा.

घास तोंडात आहे. डोळे मिटले. एक, दोन, तीन —

पुढे मी काही म्हणायचो. दोनच शब्द. कुणाला तरी. बायकोला — तिला मी —

वहीत असेल, पहिल्या पानावर. पानं उलटायला बोटांत जोर नाही. अक्काला म्हटलं, उलटून दे. ती म्हणाली, आधी गीळ.

पडद्यापलीकडे चमचा वाजला. थांबला. तोही मोजतोय. तो म्हणेल. त्याच्याकडे आहे ते. ऐकतोय मी. म्हणतोय तो —

आ